रिसालदारांचं कळीचं घड्याळ

रिसालदार मानसिंगरावांनी उभ्या आयुष्यात चाळीसेक घोडे पारखून घेतले होते आणि त्यातला एकही वाया गेला नव्हता. पण मनगटावर बांधायचं एक घड्याळ निवडताना त्यांनी नई सडकेवरच्या मुकुंदरावांना असा घाम फोडला, की त्या भल्या घड्याळजीला आपण हा धंदा का काढला असं वाटायला लागलं.

रियासत मध्यभारतात विलीन झाली त्याला तीन वर्षं होत आली होती. रिसाला मोडला, घोडे गेले, आणि मानसिंगराव शहरातल्या लश्कर नावाच्या भागात एका मुलींच्या शाळेत कवायत शिकवू लागले. खोगीर, तलवार यांच्याबरोबर शर्यती मोजायचं खिशातलं घड्याळही त्यांनी जमा केलं होतं. सरकारी होतं, सरकारात गेलं. तेव्हापासून ते मुलींच्या शर्यती तोंडानं आकडे म्हणत मोजत. आपल्या मोजण्यात चूक होऊ शकते, ही शंका त्यांच्या मनाला कधी शिवली नव्हती.

त्यांची मुलगी वनमाला त्याच शाळेत मॅट्रिकला होती आणि वाऱ्यासारखी पळायची. शंभर वार ती साडेबारा सेकंदांत पळते, असं मानसिंगरावांनी अख्ख्या दौलतगंजला सांगून ठेवलं होतं. माघ लागला आणि इंदूरहून शाळेत एक फॉर्म आला. साऱ्या मध्यभारतातल्या मुलींच्या शर्यती इंदूरला ठरल्या होत्या. तेरा सेकंदांच्या आत पळणारीचंच नाव पाठवायचं, वेळ घड्याळावर मोजलेली हवी, खाली मोजणाऱ्याची सही हवी, आणि हे सगळं पंधरा दिवसांत.

"तर मग घ्या की एक," सुधाताई नवऱ्याला म्हणाल्या. "पण सव्वाशेच्या वर जायचं नाही. आणि रोज वापरायचं घ्या. दसऱ्याला घालून पेटीत ठेवायचं घड्याळ मला घरात नको."

मुकुंदरावांनी पहिल्याच दिवशी तीन घड्याळं काढून मखमलीवर मांडली. तिन्ही कळीची, म्हणजे वेळही दाखवणारी आणि कळ दाबली की शर्यतही मोजणारी. पहिलं सोन्याच्या पाण्याचं. त्याच्या तबकडीत आणखी तीन तबकड्या, आणि चष्मा लावल्याशिवाय एकही दिसेना. दुसरं कोरं करकरीत, पोलादी, पण कळ इतकी घट्ट की ती दाबायला गडी लावावा लागला असता. तिसरं जुन्या घाटाचं होतं. सायीच्या रंगाची तबकडी, निळे काटे, आत दोनच चिमुकल्या तबकड्या, आणि कळ वेगळी नाहीच. चावीचं बोंड एकदा दाबलं की काटा सुटायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा, तिसऱ्यांदा दाबलं की मुकाट्यानं घरी परतायचा. एका सेकंदाची पाच घरं, आणि प्रत्येक घर स्पष्ट.

मानसिंगरावांचं मन या तिसऱ्यावर तिथल्या तिथे बसलं. किंमतही एकशे पंधरा. पण पहिल्या नजरेत भुलायचं नाही, पळवून बघायचं, हा त्यांचा घोडेबाजारातला नियम होता.

"मैदानावर नेऊन बघतो," ते म्हणाले.

"खुशाल न्या, रिसालदारसाहेब. पण एकेक करून. आणि एवढंच सांगतो, घडी घोड्यासारखी दात बघून घेत नाहीत."

सोनेरी घड्याळ मैदानावर गेलं. वनमाला पळाली. काटा थांबला तो तेरा सेकंद आणि वर एक घर यावर. मानसिंगरावांनी तिला दम खाऊ दिला आणि पुन्हा पळवलं. पुन्हा तेरा आणि एक घर.

"पुढे पळतं हे," असं म्हणून त्यांनी ते परत केलं. दोन दिवसांनी पोलादी नेलं. त्यातही तेरा आणि एक घर. तेही पुढे पळणारं ठरलं.

मुकुंदरावांनी चिमटा खाली ठेवला. "अहो, माझ्या दुकानातल्या दोन घड्या अगदी सारख्याच बिघडल्या?"

"बिघडायला काय लागतं," मानसिंगराव म्हणाले, आणि तिसरं घड्याळ मनगटावर बांधून निघाले. ते त्यांनी संध्याकाळभर तसंच हातात ठेवलं. जेवताना बघितलं, देवापुढे हात जोडताना बघितलं. सुधाताई हसल्या. हे घड्याळ खोटं बोलणार नाही, असं मानसिंगरावांना मनापासून वाटत होतं.

सकाळी त्यानंही तेरा आणि एक घर सांगितलं.

मानसिंगराव मैदानाच्या कडेला कट्ट्यावर बसले. दोन घड्याळांना नावं ठेवली होती, या तिसऱ्याला ठेवायला जीभ उचलेना. म्हणजे चुकलं होतं ते आपलं तोंड. वर्षभर आपण पोरीला साडेबारा सांगत आलो, ती त्या आकड्याच्या जोरावर पहाटे उठत आली, आणि आता फॉर्मवर तिचं नावच लिहिता येणार नाही. त्यांना फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

मुख्याध्यापिका विजयाबाई तिथून चालल्या होत्या. सगळा प्रकार ऐकून त्या म्हणाल्या, "साडेबारा लिहून टाका ना, मास्तर. इंदूरहून कोण बघायला येतंय?"

"सही माझी आहे बाई," मानसिंगराव म्हणाले.

वनमाला त्यांच्या शेजारी येऊन बसली. "आबा, रहने दो न. तेरा तर तेरा. मला पळायला मजा येते, बस." तिनं हे हसत म्हटलं, पण बुटाचा बंद सोडायला तिला फार वेळ लागला. फॉर्म पाठवायला चार दिवस उरले होते.

घड्याळ परत करायला ते दुकानात गेले तेव्हा मुकुंदरावांचा संयम संपला होता. "हीसुद्धा पुढे पळते, असंच सांगायला आलात ना?"

"नाही. ही सही आहे. पोरगीच कमी पडली."

हे ऐकल्यावर मुकुंदराव जरा नरमले. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, मागचं झाकण उघडून आत पाहिलं आणि बंद केलं. मग डोळ्यावरचं भिंग काढून विचारलं, "मैदान कोणी आखलंय?"

"मी. माझ्या हातानं." मानसिंगरावांची मान ताठ झाली. "रिसाल्यात सतरा वर्षं शर्यतीची मैदानं मीच आखायचो."

मुकुंदरावांनी भरदुपारी दुकानाला कुलूप लावलं. घड्याळजीनं हे करणं म्हणजे गवयानं मैफलीतून उठून जाणं. शेजारच्या कापडवाल्याकडून त्यांनी लोखंडी गज मागून घेतला, म्हणजे शिक्क्याचा बरोब्बर एक वार, आणि दोघं शाळेच्या मैदानावर पोचले. मुकुंदराव धोतर सावरत वाकून गज टाकत होते आणि मानसिंगराव मोठ्यानं मोजत होते. वर्गांच्या खिडक्यांत मुली गोळा झाल्या. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर.

मुकुंदराव कंबर धरून सरळ झाले. शेवटची चुन्याची रेघ अजून पुढे होती. त्यांनी पुन्हा गज टाकला. पाच वेळा टाकला, तरी रेघ हातभर लांबच राहिली.

मानसिंगराव त्या मोकळ्या तुकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"दोन घोडे," ते म्हणाले.

"काय?"

"दोन घोड्यांची लांबी. आमच्यात मैदान मोजून झालं की पुढे दोन घोडे जागा सोडून मग रेघ मारायची. रेघ दिसली की स्वार आधीच लगाम खेचतो, म्हणून. सतरा वर्षं असंच मारत आलो, मुकुंदराव. इथेही हातानं तशीच मारली."

एव्हाना वनमाला खिडकी सोडून मैदानावर आली होती. "आबा, मैं घोडी हूँ क्या?" असं म्हणून ती इतकी हसली की तिला खालीच बसावं लागलं. गलका ऐकून बाहेर आलेल्या विजयाबाईंनी तोंडाला पदर लावला. मानसिंगरावही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

शंभराव्या गजावर नवी रेघ पडली. वनमाला पळाली, मानसिंगरावांनी बोंड दाबलं. बारा आणि तीन घरं. त्यांनी तिला पाणी पाजलं, जरा थांबू दिलं आणि पुन्हा पळवलं. बारा आणि तीन घरं.

"माझ्या तिन्ही घड्यांची माफी मागा," मुकुंदराव म्हणाले.

मानसिंगरावांनी खरोखरच सायीच्या तबकडीला दोन बोटं कपाळाशी नेऊन सलाम केला. एकशे पंधरा रुपये मोजून दिले, फॉर्म भरला, आणि सही अशी ठळक केली की खालच्या कागदावर तिचा वळ उठला. जुनी रेघ मात्र त्यांनी पुसली नाही. वनमालेला उरलेले दिवस त्यांनी दोन्ही रेघा ओलांडायला लावल्या.

इंदूरच्या मैदानावर मानसिंगराव कठड्याला टेकून उभे राहिले, अंगठा बोंडावर ठेवून. पिस्तूल वाजलं. अर्ध्या वाटेपर्यंत उज्जैनची एक उंच मुलगी पुढे होती. शेवटची फीत दिसली तशी ती मुलगी किंचित सैल पडली, जशा सगळ्याच पडतात. वनमाला सैल पडली नाही. तिच्या हिशेबानं शर्यत अजून दोन घोडे बाकी होती. तिनं छातीनं फीत तोडली आणि तशीच भरधाव पुढे निघून गेली.

पंचांनी वेळ पुकारली, बारा आणि दोन पंचमांश. शेजारच्या गृहस्थांनी मानसिंगरावांच्या मनगटाकडे बघून कौतुकानं विचारलं, "तुमच्या घड्याळात किती आले, साहेब?"

मानसिंगरावांनी तबकडीत पाहिलं. काटा तेराच्या घरात उभा होता. अंगठ्यानं सतरा वर्षांच्या सवयीनं बोंड दाबलं होतं, ते फितीवर नव्हे, दोन घोडे पुढे.

"घडी सही आहे," ते म्हणाले, आणि बाही खाली ओढून मुलीकडे धावत सुटले.