तोच खिळा

तिला तिच्या ताऱ्याची नाडी सापडली होती. दर शहाण्णव मिनिटांनी त्याच्याकडून येणारे एक्स-रे वाढायचे आणि ओसरायचे. वर्षभर उपग्रहाच्या आकड्यांत डोकं घालून बसल्यावर हाती लागलेलं घबाड ते एवढंच. त्याच्याच जोरावर शुक्रवारी तिच्या मार्गदर्शक मॅडम ठरवणार होत्या, हिला पीएच.डी.साठी आपल्या गटात ठेवायचं की नारळ द्यायचा.

गुरुवारी दुपारी तिनं फोनवर बाबांपुढे फुशारकी मारली. बाबा दवाखान्यात एक्स-रे काढायचे. तीस वर्षं लोकांची हाडं पाहून त्यांचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे.

"दुसऱ्या ताऱ्यांत पाहिलंस का?"

"दुसऱ्यांत कशाला?"

"आमच्याकडे एकदा एकाच्या छातीत खिळा दिसला. सगळ्यांची पळापळ. मग पुढच्या दोघांच्याही छातीत खिळा, त्याच जागी! खिळा आमच्या प्लेटमध्ये होता, बाळा."

ती हसली खरी, पण फोन ठेवताच पुन्हा आकड्यांकडे वळली. तिनं आणखी तीन तारे तपासले. तिघांचीही नाडी शहाण्णव मिनिटांचीच! उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला नेमका तेवढाच वेळ लागतो. म्हणजे नाडी ताऱ्याची नव्हतीच, उपग्रहाच्या फेरीची होती. हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि आनंदाच्या भरात ती ते साफ विसरली होती.

गप्प बसावं असं तिला वाटलं नाही असं नाही. चांगली दहा मिनिटं वाटलं. मग चारही आलेख घेऊन ती मॅडमच्या खोलीत गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

मॅडमनी आलेख एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले.

"उद्या हे मी सगळ्यांपुढे मांडणार होते. नाक कापलं गेलं असतं माझं," त्या म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. "ताऱ्यांना काय तोटा आहे? आपली चूक आपण होऊन सांगणारे मात्र शोधावे लागतात. उद्यापर्यंत कशाला थांबायचं? अर्ज आण तुझा, सही करते."

जिन्यात येऊन तिनं फोन लावला.

"बाबा, खिळा प्लेटमध्येच होता."

"अरेरे. मग घरी येतेस?"

"नाही. ठेवून घेतलं मला. सही झाली."

 बाबा घाईघाईनं म्हणाले, "थांब हं, पेशंट आहे." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि लांबून लहानपणापासून ऐकलेलं ते रोजचंच:

"श्वास घ्या... रोखून धरा... हं, सोडा."

जिन्यात उभ्या उभ्या तिनंही सोडला.