चतुराबाईनं देवाला जाब विचारला

लेक गेली तेव्हा चतुराबाई रडली नाही. तिला राग आला, आणि तो राग आधी सासूवर निघाला.

पेडगावच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला ख्रिस्ती लोकांची लहानशी वस्ती होती. बाप्तिस्मा घेऊन एक पिढी उलटली होती. अंबाडीचे दोर वळायचे, सुगीला दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि रविवारी पत्र्याच्या प्रार्थनाघरात जमायचं, असं त्यांचं चाललेलं. निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती. येलदरीला पूर्णेवर धरणाचं काम निघालं होतं आणि चतुराबाईचा नवरा सुग्रीव तिकडं माती वाहायला गेला होता. घरी चतुराबाई, म्हातारी सासू दगडाबाई आणि चार वर्षांची कस्तुरा.

त्या उन्हाळ्यात देवीची साथ आली. कस्तुराच्या अंगावर फोड उठले, ताप काही केल्या उतरेना. दगडाबाईला राहवलं नाही. गुपचूप जाऊन तिनं गावच्या मरीआईपुढं दहीभात ठेवला आणि तिथला सुताचा दोरा आणून नातीच्या दंडाला बांधला. चतुराबाईनं ते पाहिलं. तोडायला तिचा हात पुढं गेला आणि मागं आला. न जाणो, गुण आला तर! पण गुण आला नाही. पोर गेली.

पोरीला मातीत ठेवताना तो दोरा बन्सीधर मास्तरांना दिसला. मास्तर वस्तीवरच्या शाळेत शिकवायचे. धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, परभणीहून कधीमधी यायचे, एरवी सगळा धर्म मास्तरांच्या हाती. त्यांनी खड्ड्याच्या काठावर उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं, "देवाला दोन दारचे नवस चालत नाहीत. या घरानं सैतानाचा दोरा बांधला, म्हणून परमेश्वरानं आपला हात काढून घेतला. दोघींनी मंडळीपुढं गुडघे टेकून पाप कबूल करावं. तोवर प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मेजाशी यायचं नाही."

चतुराबाई घरी आली आणि उंबऱ्यातच सासूला म्हणाली, "माझी लेक तुमी खाल्ली."

त्यानंतर पाऊसकाळ सरला तरी ती सासूशी बोलली नाही. भाकरी थापून ताटलीत टाकायची, ताटली पायानं पुढं सरकवायची. दगडाबाईही कधी वर पाहून बोलली नाही. हळूहळू म्हातारीनं त्या भाकरीला हात लावायचं सोडलं. अंग नुसतं काडी झालं. एका सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या ती म्हणाली, "चतुरे, एक इचारू?"

चतुराबाईनं तव्यावर भाकर टाकली.

"म्या मेले म्हंजी त्यो मला आत घेईल का गं? का कस्तुरा आत आन् मी दाराभायेर?" म्हातारी चुलीतल्या राखेकडं बघत होती. "म्या मास्तरला इचारलं व्हतं. मास्तर म्हणले, सांगता येत न्हाई."

चतुराबाईची भाकर तव्यावर तशीच करपली. सहा महिने ज्या म्हातारीला तिनं तळतळाट दिला होता ती म्हातारी तिच्याइतकीच पोरीला मुकली होती, आणि वर हे भय उराशी धरून एकटीच बसली होती. राग गेला नाही. तो फक्त दुसरीकडं वळला. चतुराबाई उठली ती तडक मास्तरांच्या दारात.

"मास्तर, माझ्या सासूला काय सांगितलं तुमी?"

मास्तर ओसरीवर दाढी करत होते. "खरं तेच सांगितलं. न्याय देवाच्या हाती आहे. माणसानं भिऊन राहावं."

"भिऊन भिऊन जेवण सुटलंय तिचं."

"मग कबुली द्या."

"आन् कबुली दिल्यावर? मग तरी आत घेईल का?"

"ते कुणालाच सांगता येत नाही, बाई."

"तुमचं तरी तुमाला ठावं हाय का?" चतुराबाईचा आवाज चढला. "एवढी वर्सं आमाला शिकवायलात. तुमाला आत घेईल का त्यो?"

मास्तरांचा वस्तरा गालावर थांबला. त्यांनी तो वाटीतल्या पाण्यात बुडवला. मग रागानं म्हणाले, "उद्या पाळकसाहेब येणार आहेत. प्रार्थनाघर सारवायची पाळी तुझी आहे. आधी ते कर."

म्हणजे मेजाशी यायला बंदी, पण मेजाखालची जमीन सारवायला नाही! चतुराबाईच्या डोक्याची शीर तडतडली. तिनं शेणाची पाटी उचलली आणि भर दुपारी प्रार्थनाघरात गेली. आत कुणी नव्हतं. पत्रा तापून कडकड वाजत होता. पुढं लाकडी मेज, त्यामागं भिंतीवर लाकडाचा साधा क्रूस. ती खाली बसली, शेणात हात घातला, एक पट्टा सारवला, दुसरा सारवला. तिसऱ्याला हातातला गोळा तिनं भिरकावला. तो मेजाच्या पायावर जाऊन फुटला.

"न्हाई सारवत!" ती ओरडली. "तुझं घर तूच सारव!"

आपण कुणाशी बोलतोय हे तिला कळत होतं आणि कळूनही ती थांबली नाही. आजवर तिनं मास्तरांनी शिकवलेली प्रार्थनाच म्हटली होती, डोळे मिटून, पदर ओढून, मोठमोठ्या शब्दांत. आज त्यातला एकही शब्द आठवला नाही.

"माझी लेक कामून नेली? दोऱ्यापायी? वीतभर सुताच्या दोऱ्याला भेलास तू? आभाळ-जमीन केली म्हणत्यात तुवा, आन् म्हातारीच्या एका दोऱ्याचा एवढा राग? मंग तुझ्यात आन् मरीआईत फरक काय? ती दहीभात मागती, तू गुडघे मागतोस! असला देव असशील तर मला तुझं काम न्हाई. माझी पोर फोडानं भरली व्हती, पाणी पाणी करत व्हती, तव्हा कुठं व्हतास? तुला काय कळतंय लेकरू मरणं..."

आणि ती थबकली. शेणानं भरलेले हात तसेच वर राहिले. भिंतीवरचा क्रूस समोर होता.

"तुझा बी ल्योक मेला की," ती हळू म्हणाली. मग पुन्हा तिचा आवाज चढला, पण आता वेगळ्याच रागानं. "तुझाच ल्योक मेला. त्याच्या दंडाला कुणाचा दोरा व्हता? कुणी बांधला व्हता, सांग!"

पत्रा वाजत राहिला. आभाळातून आवाज आला नाही, वीज पडली नाही. चतुराबाई पाय पसरून ओल्या जमिनीवर बसली आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा रडली. पोटभर, हंबरडा फोडून. रडता रडता तिच्या ध्यानात आलं की पदर खांद्यावरून कधीच घसरला होता. सासरी आल्यापासून ती मोठ्या माणसापुढं अशी कधी बोलली नव्हती. अशी ती भांडली होती फक्त बापाशी, सटवाजीशी, लग्न ठरलं तेव्हा. बापानं सगळं ऐकून घेतलं होतं, आणि ती दमल्यावर म्हणाला होता, "झालं का भांडून? आता जेव." सासरी माणूस तोंड दाबून राहतं. घर डोक्यावर घेऊन भांडतं ते माहेरी. एवढं बोलून आपण जिवंत आहोत, आणि इथून उठून जावंसंही वाटत नाही, याचं तिला नवल वाटलं. भय शोधून पाहिलं तर सापडेना. दुःख जिथल्या तिथं होतं. रागही होता.

तिनं डोळे पुसले आणि उरलेली जमीन सारवून काढली.

दुसऱ्या दिवशी ती सासूला जवळजवळ पाठुंगळीच घेऊन आली. "मला नगं गं," म्हातारी कण्हत होती. "हाकलून देतील."

"कोण हाकलतंय ते बघते. मान वर करा, आत्याबाई."

पाळकसाहेब दिनकरराव नव्यानंच परभणीला बदलून आले होते. त्यांनी भाकर हातात घेतली तोच मास्तर उठले. "साहेब, या दोघींनी अजून कबुली दिलेली नाही."

सगळ्यांच्या माना मागं, दाराशी बसलेल्या दोघींकडं वळल्या. चतुराबाई उभी राहिली.

"देते की. साहेब, सासूनं दोरा बांधला. म्या पाह्यला आन् तोडला न्हाई. भेले व्हते. एवढं आमचं पाप, आन् ते म्या काल देवाला तोंडावर सांगितलंय. पण त्या दोऱ्यापायी देवानं पोर मारली, हे म्या कबूल करणार न्हाई. तुमी मला जलमभर भायेर बसवा. देवाचा सोताचा ल्योक मेला, त्यानं कुणाचा दोरा बांधला व्हता? मास्तरला इचारा. मास्तर माझ्या सासूला सांगत्यात, देव आत घेईल का ठावं न्हाई. मंग त्यो मेला कशापायी?"

"बाई, देवाच्या घरात आवाज खाली!" मास्तर कडाडले.

"न्हाई खाली करत! ह्यो माझ्या बापाचा वाडा हाय, तुमची शाळा न्हाई."

दिनकररावांनी हातातली भाकर मोडली. मग मास्तरांकडं वळून म्हणाले, "मास्तर, कबुली झाली. आणखी काय हवं?" ते मेजाभोवतून खाली आले, दाराशी गेले आणि दगडाबाईपुढं जमिनीवर बसले. म्हातारीनं सुनेकडं पाहिलं. चतुराबाईनं मान हलवली. तेव्हा तिनं दोन्ही हात पुढं केले. मास्तर पुस्तक काखेत मारून बाहेर निघून गेले.

दगडाबाई त्यानंतर ज्वारीला कणसं निसवेपर्यंत जगली. भाकरी दुधात कुस्करून चतुराबाई तिला हातानं भरवायची, दोघी कस्तुराबद्दल बोलायच्या, कधी रडायच्या. शेवटच्या दुखण्यात रीत म्हणून मास्तर प्रार्थनेला आले. चतुराबाईनं त्यांना बसायला घोंगडं टाकलं, पण या म्हटलं नाही. मास्तर डोळे मिटून पुटपुटू लागले, हे परमपवित्रा, आम्ही धुळीचे किडे...

दगडाबाईनं डोळे उघडले. "मास्तर, हळू कामून बोलायलात? त्यो काय परका हाय?"

मास्तरांना पुढचं वाक्य सापडेना. म्हातारी वाट पाहून थकली आणि तिनं स्वतःच आपल्या बोलीत देवाला सांगितलं की मी यायलेय, नातीला दारापाशी आणून ठेव.

मास्तरांचे डोळे भरून आले ते चतुराबाईनं पाहिलं. तरी तिचा राग निवला नाही. त्यांच्याशी ती पुढंही कित्येक दिवस तुटकच बोलायची. सुग्रीव येलदरीहून परतला तेव्हा त्याला बायको बदललेली वाटली. सकाळी चूल पेटवताना ती देवाशी मोठ्यानं बोलायची, आणि पुष्कळदा ते बोलणं भांडणच असायचं. कस्तुरा का गेली, हे ती रोज विचारायची. उत्तर मिळालं नाही. पण विचारताना तिनं पुन्हा कधी पदर ओढून घेतला नाही.