पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या

नवरा माझं ऐकत नाही, म्हणून मी माहेरी जायचं ठरवलं होतं. बॅग घेऊनच प्रयोगशाळेत गेले होते. संध्याकाळी तिथूनच परस्पर निघणार होते. माणूस तसा देखणा. कपाळावर जन्मापासूनची पांढऱ्या केसांची बट. सासूबाई तिला भाग्याची खूण म्हणतात. पण शेजारी बसून काही सांगावं, तर पालथ्या घड्यावर पाणी.

आम्ही फळमाश्यांवर औषधं तपासतो. माश्यांची काचेची नळी टेबलावर आपटली की त्या तळाशी पडतात आणि पुन्हा वर चढतात. औषधाने चढण मंदावते का, ते बघायचं. औषधवाल्या माश्या ओळखू याव्यात म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई त्यांच्यासाठी पांढऱ्या डोळ्यांचं वाण घेतात. बिनऔषधाच्या लाल डोळ्यांच्या. "डोळ्यांचा रंग ही नुसती खूण," बाई म्हणत. "बाकी माशी तीच."

घरच्या धुसफुशीत त्या आठवड्यात मी खाद्यात औषध घालायलाच विसरले. तरीही पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या रेंगाळतच चढल्या. मी बाईंना चूक सांगितली. त्यांनी स्वतः नळी आपटून पाहिली, आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"औषध बिचारं निर्दोष आहे," त्या म्हणाल्या. "जन्मतःच ज्या बिघाडाने डोळे पांढरे झाले, त्यानेच चढणंही बिघडलंय. आणि आपण खूण खूण करत बसलो."

मला ती पांढरी बट आठवली. तीही जन्मापासूनची खूण, आणि हा माणूस ऐकत नाही. माहेर राहिलं बाजूला, मी तडक घरी आले.

हा जेवणाच्या टेबलाशी शाळेतल्या वह्या तपासत होता. मी नेहमीसारखी त्याच्या डावीकडे बसले आणि म्हटलं, "मी माहेरी चालले." मान वर नाही. उठून उजवीकडे गेले, तितक्याच हळू तेच म्हटलं.

"का? काय झालं?" तो दचकला.

"डाव्या कानाने ऐकू येत नाही तुला?"

"नाही. तो राखीव," तो शांतपणे म्हणाला. "सगळ्यांचा एक कान कामाचा आणि एक राखीव असतो ना?"

मला रडूच आलं. इतकी वर्षं मी त्या राखीव कानाशी भांडत होते. माझी खुर्ची उचलून मी उजवीकडे आणली.

"म्हणजे आता मला सगळं ऐकू येणार?" त्याचा चेहरा उतरला.

"सगळं," मी म्हटलं, आणि लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली.