भरलेली बाटली

माझी धाकटी जाऊ आणि मी एकाच कारखान्यात शर्ट शिवतो. ती कॉलर लावते, मी बाह्या. ऑर्डरी वाढल्या तेव्हा मालकाने बायकांच्या संडासांच्या भिंती पाडून तिथे मशिनी बसवल्या. सगळ्या मजल्याला मिळून एकच संडास उरला. त्यावर आमच्या सुपरवायझरचं बारीक लक्ष; सतत शिट्टी फुंकतो म्हणून आम्ही त्याला शिट्टीच म्हणतो. शर्ट एकीकडून दुसरीकडे सरकत जातो; एक बाई उठली की तिच्यापुढची रिकामी बसते आणि तिचीही मजुरी बुडते. म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. हे कुणी शिकवलं नाही, आपोआप अंगवळणी पडलं.

जावेच्या कमरेत कळा येऊ लागल्या, ताप चढला. डॉक्टरांनी बजावलं, "भरपूर पाणी प्या, नाहीतर मूत्रपिंडं जातील." तेव्हापासून मी रोज तिची बाटली भरून देते. संध्याकाळी ती भरलेलीच परत येते.

"अगं, जीव नकोय का तुला?"

"जीव हवाय, ताई. पण मी उठले की तुमच्या बाह्या अडतात, त्याचं काय?"

खरंच बोलत होती, म्हणून मला जास्त राग आला.

मग कारखान्याची भरभराट बघायला बडे पाहुणे आले. त्यांच्यासाठी थंड पाण्याचं चकचकीत मशीन बसवलं. नाव मोठं, लक्षण खोटं! "अशा कारखान्यांमुळेच देश पुढे चाललाय," असं म्हणत एका पाहुण्याने जावेच्या हातात ग्लास दिला. फोटोवाला सरसावला. "आणखी एक ग्लास, जरा हसून!" ती घटाघटा प्यायली. मला इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले.

थोड्या वेळाने ती उठली. शिट्टी आडवा आला.

"आज संडास पाहुण्यांसाठी धुऊन ठेवलाय. ते जाईपर्यंत दम धर."

पाहुणे जेवायला थांबले. जाऊ ओठ चावून कॉलरी लावत राहिली. मी शिट्टीचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. शेवटी तिच्या स्टुलाखाली ओल दिसली. मी पटकन फडकं टाकलं. कुणी हसलं नाही, कुणी मान वर केली नाही.

आता कारखान्याच्या दारात तिचा मोठा फोटो लागलाय, पाणी पितानाचा. ती त्याच्याखालून मान खाली घालून आत जाते.

आज सकाळी मी बाटली भरली. तिने ती मोरीत ओतली आणि रिकामीच पिशवीत टाकली.

"परत आणताना फार जड होते, ताई," ती म्हणाली.