गार पट्टी

खांदा दुखायचा तिचा, आणि मास्तर विचारायचे, "दुखतंय का?" पण मान वर न करता. पाय शिलाई मशीनवर, नजर शिवणीवर. वीस वर्षं तेच दोन शब्द, तोच सूर. तिला वाटायचं, हे विचारणं म्हणजे दारावरचा पडदा. वाऱ्याने हलतो, आत कुणी असेलच असं नाही.

म्हणून खांद्याचे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "दुसऱ्याला दुखताना आपल्या मेंदूत काय होतं, याचा अभ्यास चाललाय, जोडपी हवीत," तेव्हा मास्तरांच्या आधी तीच हो म्हणाली. आता दूध का दूध, पानी का पानी होईल.

मेंदूची चित्रं काढणाऱ्या त्या चुंबकाच्या खोलीत लोखंड चालत नाही. तिथल्या बाईंनी मास्तरांच्या कॉलरमधून चार टाचण्या काढल्या, बाहीतून एक सुई.

"मास्तर, अजून किती?"

"शोधा. मलाही ठाऊक नाही."

मास्तर त्या पांढऱ्या बोगद्यात आडवे झाले. ती बाजूला खुर्चीवर. दोघांच्या मनगटावर चटका देणारी एकेक पट्टी. निळा दिवा लागला की चटका मास्तरांना, पिवळा लागला की तिला. मास्तरांना दिवा दिसणार होता, ती नाही.

तीनदा पिवळा लागला, तीनदा तिने ओठ चावला. चौथ्यांदा लागला आणि पट्टी गार. पाचव्यांदाही गार. वायर सुटून खुर्चीखाली लोंबत होती. सांगायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. बघू तरी.

मग बाईंनी पडद्यावर मास्तरांच्या मेंदूची चित्रं लावली. "एकट्या माणसाच्या चित्रावरून काही ठरत नसतं हं. पुष्कळांची एकत्र पाहावी लागतात. पण हे बघा. स्वतःला चटका बसला की कुठे दुखतंय ते इथे उमटतं, आणि किती छळतंय ते इथे. तुमच्या वेळी पहिली जागा शांत आहे. दुसरी मात्र पेटलीय."

"शेवटच्या दोन वेळांनाही?"

"तेव्हा तर जास्तच."

तिला तर काही झालंच नव्हतं. म्हणजे हे कळवळले ते दिव्यासाठी. आणि घरात दिवा कुठे होता? तिथे ते कशावरून विचारायचे?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कापड बेतत होती. मधेच तिने कात्री थांबवली. खांदा ठीक होता. उसासाही टाकला नाही.

"दुखतंय का?"

या वेळी ती उठून समोर गेली. मास्तरांचा जबडा आवळलेला, पाय मशीनवरून उचललेला.

"कशावरून विचारलंत?"

"कात्री थांबली."

"कात्री काय, धागा आला तरी थांबते."

"थांबू दे की. मी काय दर वेळी तपासत बसू? विचारलेलं बरं."

"आणि वर का बघत नाही कधी?"

"एकदा बघितलं होतं. शिवण सरकली. त्या गिऱ्हाइकाच्या कोटाचा डावा खांदा अजून उतरलेला आहे."

तिला हसू फुटेना. टेबलाची कड धरून ती म्हणाली, "त्या खोलीत शेवटी पट्टी गार होती. वायर सुटली होती. मी बोलले नाही."

"म्हणजे मी उगाच तळमळलो?"

"उगाच."

"आणि आत्ता?"

"आत्ताही."

मास्तरांनी वीस वर्षांनी मान वर केली. बराच वेळ तिच्याकडे बघितलं. "त्या बाईंना फोन कर. त्यांच्या चित्रात माझी फुकटची कळ अडकलीय."

ती फोनकडे वळली आणि खांद्यातून खरीच कळ निघाली, थेट कोपरापर्यंत. मास्तर पुन्हा शिवणीवर वाकले होते. तिने श्वास आवरला, टेबलावरची कात्री उचलली आणि चालता चालता रिकामीच चालवत राहिली. कच्, कच्, कच्.

मागे मशीन काही सुरू झालं नाही.