दिवाकररावांचा शॉक

रायपूरच्या बूढापाऱ्यात राहणारे, रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क असलेले दिवाकरराव भलतेच लाजाळू. मेडिकलच्या दुकानात पोटाची गोळी मागायची तरी आधी मागेपुढे कोण उभं आहे ते बघणार. अशा माणसाचं शरीर पन्नाशीनंतर, दिवाळीपासून, अंथरुणात ऐन वेळी दगा देऊ लागलं. दोनचारदा फजिती झाल्यावर ते बायकोकडे पाठ करून झोपू लागले. मंदाकिनीवर त्यांचा फार जीव होता. तिला काही कळायच्या आत हे गुपचूप दुरुस्त व्हावं, तिच्या नजरेतून आपण उतरू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

समता कॉलनीतल्या डॉक्टरने तपासण्या करून शॉकवेव्ह थेरपी सुचवली. यात करंटबिरंट नसतो, नुसत्या ध्वनीच्या लहरी असतात, त्यांनी रक्तपुरवठा सुधारू शकतो, पण गॅरंटी देत नाही, असं तो सरळ म्हणाला. मग दर मंगळवारी दिवाकरराव तिथल्या पलंगावर डोळे मिटून पडत आणि मशीन नको त्या ठिकाणी टकटक करत राही. घरी सांगत, पंडरीच्या कापडबाजारात जातो, टॉवेल आणायला. आता थाप मारली म्हटल्यावर टॉवेल आणणं आलंच.

एका सोमवारी दिवाकररावांचा फोन लागेना, म्हणून क्लिनिकच्या पिंकीने त्यांच्या केसपेपरवरचा दुसरा नंबर फिरवला. तो मंदाकिनीचा होता. दुसरा नंबर मागितल्यावर बायकोचाच लिहायचा, ही रेल्वेतली सवय त्यांना नडली. पिंकी म्हणाली, "आंटी, मशीन बिगड़ गई है, अंकल का कल वाला शॉक परसों होगा." कसला शॉक, असं मंदाकिनीने विचारलं तेव्हा पिंकीने नियमाप्रमाणे तोंडाला कुलूप लावलं. हे सांगता येत नाही, मरीजच्या इज्जतीचा सवाल आहे, म्हणाली.

आपल्या लोकांत शॉक म्हटलं की त्याचा एकच अर्थ, डोक्याला देतात तो. मंदाकिनीने कपाटातल्या टॉवेलांच्या चळतीकडे पाहिलं आणि बहिणीला फोन लावला. संध्याकाळपर्यंत तिची बहीण विजया, विजयाचा नवरा श्रीपाद, आणि त्यांच्या तोंडून निम्म्या नात्याला कळलं की दिवाकररावांचं डोकं फिरलं.

बिचाऱ्या दिवाकररावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की जगात आपला भाव वधारला. लग्नापासून त्यांच्या प्रत्येक वाक्याला आडवा जाणारा साडू श्रीपाद आता "तुमचं बरोबर आहे भाऊ" म्हणू लागला. भिलाईहून मुलगा अनिमेष फोनवर म्हणे, "पापा, आप जो बोलोगे वही सही." मशीनचा गुण थेट चेहऱ्यावर उतरला, अशी दिवाकररावांची खात्री पटली. ते मिशीला पीळ देऊन गल्लीतून फिरू लागले.

फक्त मंदाकिनी दूर सरकत गेली. शॉक घेतलेल्याच्या अंगात करंट राहतो, असं तिला विजयाने सांगितलं होतं. म्हणून ती चहाचा कप हातात न देता टेबलावर ठेवी आणि नवऱ्याने घरात रबरी चप्पल घालावी असा हट्ट धरी. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, तीच शिवेना. दिवाकरराव आतून पार खचले.

रविवारी विजया आणि श्रीपाद आले. नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे नंबर लावलाय, तिकिटं काढलीत, असं श्रीपादने लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं. काहून, असं दिवाकररावांनी विचारताच विजया रडू लागली. शॉकचं सगळं कळलंय, डोक्याचं दुखणं लपवू नका, म्हणाली. हे सगळे आपल्याला वेडा समजतात, हे दिवाकररावांना तेव्हा कळलं. साडू आणि मेहुणीसमोर खरं सांगायचं, की वेडं ठरायचं? त्यांनी क्षणभर विचार केला आणि मान खाली घालून वेड कबूल केलं.

तशी मंदाकिनी पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात पळाली. ते मात्र त्यांना सोसलं नाही. मागोमाग जाऊन, ओट्याकडे बघत, त्यांनी दिवाळीपासूनचं सगळं सांगून टाकलं. मशीन कुठे लावतात तेही सांगितलं.

मंदाकिनीने तोंडातला पदर सोडला. मग म्हणाली, "आन् मी दिवाळीपासून आरशात पाहून राहिली. मले वाटे, माह्यातच काही बिघडलं, म्हणून तुम्ही पाठ करून झोपता."

असंही होऊ शकतं, हे दिवाकररावांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना रडू आवरेना. तिने त्यांचा हात धरला, चांगला घट्ट, आणि तसाच धरून त्यांना बाहेर आणलं.

नागपूर रद्द करा, इथलाच डॉक्टर बरा आहे आणि पुढच्या शॉकला मी सोबत जाणार, असं तिने बाहेर जाहीर केलं. वेड बरंच वाढलंय का, असं श्रीपादने हळूच विचारलं.

"लय वाढलं," मंदाकिनी म्हणाली. "येवढी साधी गोष्ट बायकोले सांगाले इतके महिने लावले. शाहाणा माणूस असं करते काय?"