भडंगातली माणसं

पुस्तक न वाचता त्यावर बोलणारा माणूस दिसला की माझं डोस्कं फिरतंय. मी 'धुक्याचे धनी'चे सातच्या सात भाग दोन-दोनदा वाचल्यात. नाद करायचा न्हाय.

आमचा लेखक चंदगडकडचा. तिकडच्या पावसात माणूस दुसरं करणार तरी काय, बसला लिहीत. त्याच्या दोन मालिका. 'सावलीगड'मध्ये जादू करायची तर आपल्या आयुष्यातला एक दिवस कमी होतोय. सोपा हिशोब. 'धुक्याचे धनी'मधली जादू तसली न्हाय. तिथं एक मंत्र म्हटला की तुझं एक माणूस तुला कायमचं इसरतंय. तू दारात उभा ऱ्हायलास तरी "कोण पावणं?" म्हणून इचारतंय. आणि ते माणूस जिवाचंच पाहिजे. रस्त्यावरच्या कुणाचं नाव घेतलंस तर मंत्र लागतच न्हाय.

ह्यातली भारी कुठली, यावर आम्ही चौघं महिन्यातल्या एका रविवारी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून भांडतो. प्रसेनजीत सर गणिताचे क्लास घेत्यात, पुस्तकातला नियम न् नियम त्यांना पाठ. हुपरीच्या सम्राटच्या घरात पैंजणांचं काम, तोंड म्हंजे भोंगा. राजनंदिनी इंजिनिअरिंगची पोरगी, सगळ्यांची टर उडवणारी. आणि मी सयाजी, गडमुडशिंगीचा. डेअरीत दुधाची फॅट बघतो, दारात दोन म्हशी. लग्न जमलं न्हाय. गेल्या दिवाळीआधी आई गेली. शालूबाई नाव तिचं. तवापासनं घरात जे काय बोलायचं ते म्हशींशी. म्हणून ह्यो एक रविवार मला लई मोलाचा हाय.

परवाच्या रविवारी राजनंदिनीनं नवीनच टूम काढली. भडंगाचा कागद मधी पसरला आणि म्हणाली, "भांडण बास. कुणाकडं किती मंत्र हाईत ते मोजूया. एक शेंगदाणा म्हंजे एक माणूस. नाव मोठ्यानं घ्यायचं आणि दाणा आपल्यापुढं ठेवायचा."

सम्राट सुटलाच. आई, बा, बायको, दोन भणी, मेव्हणे. मग मूठभर दाणे ओढत म्हणाला, "आणि ही आमची अख्खी गल्ली!"

"गल्ली चालत नाही," सर म्हणाले. "एकेक नाव घे."

तर त्या बेण्यानं खरंच एकेक घेतलं. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याचं सुद्धा. सरांनी आक्काताईचं म्हंजे आईचं घेतलं, बायकोचं, लेकाचं, दोन जुन्या विद्यार्थ्यांचं. राजनंदिनीच्या मैत्रिणी तर संपतच न्हवत्या.

मी कान टवकारून बसलो हुतो. खरं सांगतो, लाज कसली त्यात. माझं नाव कोण घेतंय का, एवढंच बघत हुतो. कुणीच घेतलं न्हाय.

"दादा, तुमचा नंबर," राजनंदिनी म्हणाली.

मी एक दाणा उचलला. "आई."

"थांबा," सर म्हणाले. "मेलेली माणसं चालत नाहीत. तिसऱ्या भागात स्पष्ट आहे." आणि चुकलेलं उत्तर पुसावं तसा त्यांनी त्यो दाणा बोटानं कागदावरनं उडवला. दाणा खाली फरशीवर जाऊन पडला.

"सर!" राजनंदिनी वरडली.

"काय सर? नियम आहे तो."

"सर, तुमी आलता की तिच्या मातीला," मी म्हणालो.

"आलो होतो. म्हणून तर मला माहीत आहे."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर रंकाळ्यात ढकलला असता. पण सरांच्या तोंडावर कुचकेपणा न्हवता. त्यांना खरंच वाटत हुतं, की सयाजीचं गणित चुकलंय आणि वेळेत सांगायला पाहिजे.

"मग म्हशी चालत्यात का?" मी इचारलं.

सम्राटच्या तोंडातलं भडंग उडालं. "म्हस वळखती व्हय रं तुला?"

"तुझ्यापेक्षा बरी वळखती."

आधी सगळी हसली. मग कुणीच हसंना. राजनंदिनीनं कागद माझ्याकडं सरकवला. "घ्या की दादा, अजून कोण?"

मी दाण्यांत बोटं फिरवत बसलो. चुलत्याचा यशराज आठवला, पण त्यो मला आत्ताच इसरल्यागत हाय, त्याला मंत्र कशाला लागतोय. डेअरीतली नावं आठवली. त्यांची पोरंबाळं कितवीत हाईत ते सुद्धा मला ठाऊक न्हाय. तिघं माझ्या हाताकडं बघत हुती, आणि माझा असा संताप झाला म्हणून सांगू!

"बोगस जादू हाय ही!" मी उठूनच उभा ऱ्हायलो. "'सावलीगड'च भारी. आपला दिवस द्यायचा, काम करून घ्यायचं. कुणाच्या पाया पडायला नको. माझ्याकडं दिवस मोप हाईत!"

"भावा, तू पार्टी बदललीस?" सम्राटचा घासच अडकला. 'धुक्या'साठी सगळ्यात जास्त भांडणारा मीच की.

मी खाली वाकलो, फरशीवरचा त्यो दाणा उचलून खिशात घातला आणि गेलो. मागनं कुणीतरी हाक मारली. वळलो न्हाय.

घरी आलो. म्हशींच्या धारा काढल्या, चुलीवर चहा टाकला. तवर मोबाईल वाजला. सरांनी फोटो पाठवला हुता, तिसऱ्या भागाचं पान, लाल पेनानं रेघ मारलेलं. म्हटलं, ह्या माणसाला काय म्हणावं! आईच्या दाण्यावर पुरावा पाठवतोय.

रेघेवरचं वाक्य असं हुतं: 'गेलेलं माणूस कधीच विसरत नाही, म्हणून त्याच्या नावावर मंत्र लागत नाही.' खाली सरांनी लिहिलं हुतं, "म्हणून चालत नाही. बाकी काही नाही."

दोनदा वाचलेलं पुस्तक, आणि हे वाक्य माझ्या ध्यानात न्हवतं. डोळ्यातनं पाणी आलं ते आलंच. चहा उतू गेला तरी उठलो न्हाय.

मग मातीचा दिवस आठवला. गाव आलतं, ते रीतीनं. सर दोन बस बदलून आलते, बाहीला खडू लागलेला, मागं एकटेच उभे. चुलत्यानं इचारलं, "पावणं कुठलं?" सरांनी बाहीवरचा खडू झटकला. शेवटी म्हणाले, "मी पुस्तकातला."

खिशातला दाणा काढून ताटलीत ठेवला. आणि मोठ्यानं म्हणालो, "प्रसेनजीत सर."

एक मंत्र. पाचव्या भागात एका मंत्रावर गेलेल्या माणसाची हाक ऐकू येती, एकदाच. "सया, जेवलास का रं?" एवढं जरी ऐकलं असतं तरी बास हुतं. दाणा खाल्ला की मंत्र वापरला, असं मनाशी धरून त्यो तोंडापाशी नेला. म्हटलं, खेळ तर हाय. पण हात पुढं जाईना. सर मला इसरले तर पुढच्या रविवारी रंकाळ्यावर मी कुणाशी भांडू? दाणा परत ताटलीत ठेवला.

सरांना लिहिलं, "माझ्याकडं एक मंत्र निघाला."

लगेच उत्तर आलं. "कोणाचं नाव?"

"सांगत न्हाय. वापरायचा बी न्हाय."

"नाव मोठ्याने घ्यावं लागतं. नाहीतर धरत नाही. नियम आहे."

"घेतलंय की सर," मी लिहिलं. "घरात ऐकाया कोण न्हवतं."